बिनब्रेकची कॉफी

४ मार्च, बुधवार

आठवा घाणाही गेला.

मालकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही." एवढंच! नाही म्हणजे काय नाही? कडू झाली? पातळ लागली? जळकी? विचारलं तर म्हणे, "तूच सांग." मी काय सांगणार! मला ठाऊक असतं तर आठ घाणे घातले असते का?

वहीत सगळं आहे. ड्रम किती तापला तेव्हा कॉफीचं बी टाकलं, पहिली तडतड कितव्या मिनिटाला, आच कधी कमी केली, बी ट्रेवर कधी सोडलं, किती वेळात गार झालं. सेकंदासकट. एकही रकाना मोकळा नाही. आणि एवढ्या सगळ्याला उत्तर — "नाही."

अजून अठरा दिवस. बावीस तारखेला जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबचा मेळावा आहे. शंभरेक वर्षांपूर्वी लाकडी फळ्यांच्या गोल रस्त्यावर मोटरसायकलच्या शर्यती व्हायच्या म्हणे. त्या शर्यतींच्या आठवणीत त्यांना खास मिश्रण हवंय, दुसरीकडे कुठेच न मिळणारं. चाळीस किलो. आमचा जुना भट्टीवाला जानेवारीत सोडून गेला, तेव्हापासून भट्टी माझ्या हातात आहे — पण "तात्पुरती". परवा मालकांनी स्पष्टच सांगितलं. "बावीसपर्यंत बघू. नाही जमलं तर कोर्स केलेला माणूस आणावा लागेल."

मी नववीत शाळा सोडली. कोर्सवाला आला की मी पुन्हा पोती उचलायला. चार वर्षं उचलली. आता नको.

५ मार्च

क्लबचे अध्यक्ष आले होते. कपाळावर चामड्याचा गॉगल — दुकानात, भर दुपारी! ते पायरी उतरायच्या आत बडबड्याने नाव ठेवून टाकलं, गॉगलकाका. (बडबड्या आमच्याकडे पुड्या भरतो. त्याचं तोंड बंद दिसलं तर समजायचं, झोपलाय.)

मी वही घेऊन समोर बसलो. म्हटलं, काका, चव कशी हवी ते नीट सांगा.

"त्या गाड्यांना ब्रेक नव्हते, कळलं का पोरा? खराब नव्हते — नव्हतेच! कढईसारखा उतार, लाकडी फळ्या, वर तेल सांडलेलं. पळता पळता एका हाताने इंजिनाला तेलाचा पंप मारायचा. आणि फळी निसटली तर सुतार खालून ठोकायचा. वरून गाड्या सुसाट चालल्यात, हा खाली बसून खिळे मारतोय!"

"हो, पण चव?"

"तेच तर सांगतोय!" मग डोळे मिटले. "एरंडेल. तेव्हा इंजिनात एरंडेल घालायचे. जळक्या एरंडेलाचा तो वास. मग भीती. आणि एकदम शेवटी... गोड."

वहीत लिहिलं — एरंडेल, भीती, गोड. कुठल्या रकान्यात लिहू?

घरी ताईला सांगितलं. ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "कॉफीत एरंडेल? मग शर्यत घरोघरी लागेल. ब्रेक तर नाहीच लागायचे." आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की टीप वाकडी गेली. मला काडीचंही हसू आलं नाही.

७ मार्च, शनिवार

आज हात भाजले, म्हणून थोडक्यात.

बारा किलोंचा घाणा ट्रेवर सोडला आणि मोटरीचा पट्टा तुटला. बी ढवळणारा लोखंडी हात बंद, खालचा पंखाही बंद. गरम बी तसंच साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने भाजत राहतं. पुढची पाच मिनिटं पुरतात, सगळा कोळसा! मी ओरडलो. बडबड्या धावत आला — हातात पुठ्ठ्याचं खोकं. डबड्याने, खोक्याने, शेवटी नुसत्या ओंजळीने बी काढून जमिनीवर पोत्यांवर पसरत गेलो. तो पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि बोलतच होता. "अरे, माझ्या लग्नातसुद्धा एवढी धावपळ होणार नाही!"

गार झाल्यावर पोत्यात भरलं. वर खडूने लिहिलं, "फेकणे".

वहीत आजच्या पानावर एकच वेळ आहे. ११:४२, बी ट्रेवर सोडले. पुढे काहीच नाही. पहिल्यांदाच पान मोकळं राहिलं. बघवत नाही.

९ मार्च, सोमवार

काय लिहू! डोकं भणभणतंय.

सकाळी पट्टा आणायला बाजारात गेलो होतो. परत येतो तर मालक, गॉगलकाका आणि बडबड्या कॉफी पीत बसलेले. मालकांनी मलाही कप दिला. मी घोट घेतला आणि विचार करायच्या आतच तोंडातून गेलं, "ही कोणी केली?"

आधी धूर लागला, पण जळका नाही. मग संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. तापलेल्या लोखंडाचा वास येतो ना, तसं क्षणभर. आणि घोट गिळल्यावर गोडवा. मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

मालक म्हणाले, "हीच."

गॉगलकाका तर उभेच राहिले. "हीच! हीच ती!" डोळे ओले झाले होते त्यांचे, खोटं नाही लिहीत.

"कुठली रे?" मी बडबड्याला विचारलं. तो म्हणाला, "कोपऱ्यातल्या पोत्यातली. बाकी सगळी पोती शिवलेली होती, हेच उघडं दिसलं."

फेकणे!! एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. माणसाला वाचता येऊन उपयोग काय?

आता चाळीस किलो हीच हवी. पोत्यात अकराच्या आतबाहेर होती, त्यातली आठ गॉगलकाकांनी लगेच क्लबच्या लोकांना वाटायला उचलून नेली. मी नको नको म्हणेपर्यंत गाडीला बांधलीसुद्धा. आणि ती कशी झाली याची माझ्याकडे एक ओळ नाही. एकशे बारा घाण्यांची नोंद आहे माझ्याकडे. नाही ती या एकाची.

१० मार्च

बडबड्याची उलटतपासणी.

"मी ओरडल्यावर तू किती वेळाने आलास?"
"लगेच."
"लगेच म्हणजे किती सेकंदांनी?"
"अरे, लगेच म्हणजे लगेच! चप्पल घालून."
"चप्पल कुठे होती?"
"तुला कॉफी करायचीय की मला फाशी द्यायचीय?"

निष्कर्ष — दहा सेकंद ते दीड मिनिट. याला काय नोंद म्हणायची!

१२ मार्च

पंखा मुद्दाम बंद ठेवून चार घाणे. दोन मिनिटं, अडीच, तीन, साडेतीन. पहिला कच्चट. दुसरा कडू. तिसरा फार कडू. चौथ्याला ज्वाळा निघाल्या असत्या.

मालकांनी चारही कप चाखले. समोर बसतात, मलाही प्यायला लावतात, घोट घेतात आणि माझ्याकडे टक लावून बघत राहतात, मी काहीतरी चोरल्यासारखं. नाही. नाही. नाही. नाही.

"मालक, निदान जवळपास कुठली आहे ते तरी सांगा."

"तुला कुठली वाटते?"

मला वाटतं यांना मला घालवायचंच आहे. सरळ सांगायची लाज वाटते म्हणून हा खेळ चाललाय.

१३ मार्च

दोन घाणे. नाही. नाही.

१४ मार्च, शनिवार

ताईशी भांडण झालं. जेवताना वही उघडी होती. तिने ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली. मी म्हटलं, तेलाचे हात लावू नकोस. ती ऐकेल तर ना.

"केवढं सुरेख अक्षर! एक काना चुकलेला नाही." मग म्हणाली, "पण लागली कशी?"

"काय?"

"कॉफी, रे. इतकी पानं झाली. किती तापली, किती मिनिटं, सगळं आहे. तुला कशी लागली ते एकदाही नाही."

"ते मालक ठरवतात."

"आणि तुझ्या तोंडात काय आहे, पाटी?"

मी ताटावरून उठलो. तिला काय कळतंय! ती कपडे शिवते, गिऱ्हाईक आरशात बघतं आणि सांगतं, इथे सैल, इथे घट्ट. माझं गिऱ्हाईक नुसतं "नाही" म्हणतं. आणि मला कशी लागली याला विचारतो कोण? कोर्सवाला म्हणेल तेव्हा ते खरं. नववी नापास माणसाने म्हटलं तर ती फक्त आवड.

(नापास नाही. सोडली. दोन्हींत फरक आहे.)

१५ मार्च, रविवार

सुट्टी. घरात ताई बोलत नव्हती म्हणून गॉगलकाकांच्या गॅरेजवर गेलो. गॅरेज कसलं, घरामागची पत्र्याची खोली. मधोमध त्या शर्यतींतली एक गाडी. सायकलीच्या सांगाड्यात इंजिन कोंबल्यासारखी दिसते. खरंच ब्रेक नाही! मी वाकून दोन्ही चाकं बघितली.

"मग वळणावर करायचं काय?" मी विचारलं.

काकांनी गाडी लाकडी ठोकळ्यावर चढवून चालू केली. कानठळ्या! त्यांनी मुठीवरचं एक बटण दाबलं, आवाज तुटला. सोडलं, परत सुरू. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं.

"वेग कमी करायला काहीच नाही," ते ओरडून सांगत होते. "इंजिन एक तर पूर्ण चालू, नाही तर बंद! दोन्ही मिसळून मधला वेग काढायचा. एकसुरी आवाज काढणारा पहिल्याच वळणावर कुंपणात!"

धूर भरला. एरंडेलाचा. वाटलं होतं त्यापेक्षा गोडसर वास आहे त्याला. त्या पाच मिनिटांत मला बावीस तारीख आठवली नाही. मग आठवली.

१६ मार्च

फेकणे पोत्यातली मूठभर कॉफी उरली आहे. बाकी बडबड्याने पाहुण्यांना पाजली. "मागतात रे लोक!" म्हणे.

ती मूठ घरी आणली. पांढऱ्या ताटलीत ओतून बघत बसलो होतो. ताई भांडण विसरून पाठीमागे येऊन उभी राहिली.

"ही इतक्या रंगांची कशी?"

"कसले रंग? तपकिरी आहे."

"तपकिरी म्हणे! मी गिऱ्हाइकाच्या कापडाला असा दोरा लावला तर तोंडावर फेकून मारेल." तिने बोटाने बिया सरकवायला सुरुवात केली. "ही बदामी. ही विटकरी. ही त्याहून गडद. ही काळपट. आणि ही जवळजवळ काळी. पाच रंग आहेत. दिसत नाहीत तुला?"

दिसले. एकदा दिसले आणि मग दिसायचे थांबेनात. आम्ही ओंजळीने बी काढत होतो! जे पहिल्यांदा काढलं ते लवकर गार झालं, जे तळाशी राहिलं ते भाजत राहिलं. तो एक घाणा नव्हताच. एकाच्या पोटात पाच घाणे होते. आणि मी आठवडाभर एकच अचूक मिनिट शोधत बसलो होतो!

शंभर बिया मोजून घेतल्या. ताईने रंग लावले, मी मोजले. १४, २२, ३१, २१, १२. दोनदा मोजले.

१७ मार्च

पाच वेगळे घाणे. प्रत्येक एकाच रंगावर थांबवला. ताईने पाच दोऱ्यांचे तुकडे दिलेत, ते भट्टीच्या खिडकीला चिकटवलेत. बडबड्या विचारतो, "कॉफीला ब्लाउज शिवतोयस का?"

तिसरा आणि पाचवा चुकले. उद्या परत.

१९ मार्च, गुरुवार

झाली!

तीन कप मांडले. दोन नव्या मिश्रणाचे, एक जुन्या पोत्यातल्या शेवटच्या चिमटीचा. कपांच्या बुडाला खुणा केल्या आणि बडबड्याला म्हटलं, वेगळा कप ओळख. त्याने तिन्ही निम्मे संपवले, तरी आणखी मागत होता. छातीठोकपणे चुकीचा दाखवला. मग मी पाठ फिरवली, त्याने कप हलवले आणि मी चाखले. मलाही ओळखता आला नाही. धूर, साल, लोखंड, गोड. सगळं जागच्या जागी.

मालकांना कप दिला, स्वतःलाही ओतला, पण तो हातातच राहिला. ते घोट घेत होते आणि मी त्यांच्या भुवयांकडे बघत होतो, ओठांकडे बघत होतो, कप खाली ठेवतात का ते बघत होतो.

"नाही," मालक म्हणाले.

कसं झालं मला माहीत नाही. मी आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला नाही. पण ओरडलोच. "कशी नाही? हीच आहे! रंगाला रंग जुळवलाय, बी मोजून घेतलंय. मी पंधरा दिवस तुमच्या एका शब्दापायी झोपलो नाही! तुम्हाला मी नको असेन तर सरळ सांगा, कॉफीवर कशाला ढकलता? कॉफी हीच आहे!"

बडबड्या गप्प होता. उभ्या उभ्या, जागा असताना!

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"हीच आहे?"

"हीच आहे."

"तू म्हणतोस?"

"मी म्हणतो."

"मग चाळीस किलो कर." आणि उठून गोदामात गेले.

याचा अर्थ काय? आवडली की नाही? काम राहिलं की गेलं? कोणी मला एक सरळ वाक्य देईल का?

२० मार्च

सगळा दिवस भट्टीपुढे. छापखान्यातून पुड्यांवरच्या चिठ्ठ्या आल्या. काकांनी नाव दिलंय "बिनब्रेक". ते नीट छापलंय, पण खाली "मिश्रण" चुकलेलं. परत पाठवल्या. बडबड्या म्हणतो, "कॉफी वाचून कोण पितं?" मी पितो.

मालक दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. कोर्सवाल्याला फोन करत असतील.

२२ मार्च, रविवार

मेळावा झाला. मोकळ्या मैदानात चाळीसेक जुन्या गाड्या, आमचं एक टेबल. मालक आलेच नाहीत! सकाळी बडबड्याबरोबर निरोप, "तू उभा राहा, तू सांग." लोक विचारत होते, यात काय आहे, अशी कशी लागते. मला बोलता येत नाही. तरी बोललो. सुरुवातीला तापमान सांगत होतो, लोक पुढे सरकत होते. मग नुसतं सांगितलं — आधी धूर लागेल, थांबा, गिळल्यावर गोड होईल. तेव्हा थांबायला लागले.

एकाने दूध मागितलं. एकाने तोंड वाकडं केलं आणि कप गवतात ओतला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बाकी सगळी संपली, चौथ्या तासाला. गॉगलकाका सहा कप प्यायले आणि त्यांनी मला मिठी मारली. गॉगल नाकाला लागला.

ताई आली होती, नवी साडी नेसून. "लिही आता," म्हणाली, "कशी लागली ते."

पण मालक का नाही आले? इतकं काय बिघडलं असतं? लाज वाटते का माझी?

२३ मार्च, सोमवार

अंगणातच गॅसचा वास आला. भट्टीची नळी सुटली होती. खोली गच्च भरलेली — आणि आत मालक! शांत बसलेले, भट्टी पेटवायला हातात लायटर. मी झडप घालून लायटर काढला, कॉक बंद केला, त्यांना ओढत बाहेर आणलं.

"वास येत नाही का तुम्हाला?"

ते पायरीवर बसले.

"नाही," म्हणाले. "दोन वर्षं झाली. मोठा ताप आला होता ना, त्यानंतर वासच गेला."

"आणि चव?"

"गरम की गार, तेवढं कळतं. कोणाला सांगू नकोस."

मी शेजारी बसलो. विचारलं, "मग इतके दिवस नाही, नाही म्हणत होतात ते कशावरून?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."